वापरलेला पिस्टन

मंडळी, जुनं ते टाकाऊ असं मानणारा मी नाही. उभी हयात पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवली. तरी नातवाने आपल्या जुन्या बुलेट ५००साठी कोणीतरी वापरलेला मोठ्या बोअरचा पिस्टन आणला, तेव्हा मी नको म्हटलं.

हिशेब साधा आहे. मूळ पिस्टन ८४ मिमीचा, हा ८७चा. ९० मिमी स्ट्रोकला ४९९ सीसीचे ५३५ होतात. ताकद वाढते, कबूल. पण त्यासाठी बिडाचा ब्लॉक कापावा लागतो, आणि कापलेलं बीड परत येत नाही. वापरलेला पिस्टन स्कर्टपाशी झिजलेला असतो. त्याच्या मापाने बोअरिंग केलं, की उद्या नवा आणल्यावर पुन्हा कापा! पिस्टन नवा मिळतो हो, जुना चांगला ब्लॉक शोधत फिरावं लागतं. सदऱ्याच्या मापाने माणूस तासायचा, त्यातला हा प्रकार.

मेकॅनिक म्हणतो, "आजोबा, रिंगा नव्या टाकू, चालेल." रिंगा नव्या हव्यातच. पण त्यांच्या खाचाच रुंदावल्या असल्या तर? आणि पिनेच्या भोकाशी बारीक तडा असला तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मिनिटाला ४००० फेरे म्हणजे सेकंदाला १३३ वेळा तो पिस्टन थांबतो आणि उलटा वळतो. घाटात तुटला तर मागचं चाक जाम, आणि वर बसलेलं पोरगं आमचं.

असो. मायक्रोमीटर लावून, तडा तपासून, माप नव्याइतकं भरलं तर माझी हरकत नाही. नाहीतर तो माझ्या टेबलावर येऊ दे, पेपरवेट हवाच आहे.