रिचार्ज महागला, नंबर सोडायचा की कंपनी?

मोबाइल दरवाढीची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. ३ आणि ४ जुलै २०२४ या दोन दिवसांत जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी आपले दर वाढवले. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी रोज १ जीबी डेटाचा २४९ रुपयांचा पॅक आपल्या ॲपवरून काढून टाकला. याला कोणी दरवाढ म्हटले नाही, पण स्वस्त पॅक गेला की ग्राहकाला नाइलाजाने वरचा पॅक घ्यावा लागतो.

२०२४ च्या जुलैमध्ये समाजमाध्यमांवर जिओवर बहिष्काराच्या आणि बीएसएनएलकडे परतण्याच्या हाका दिल्या गेल्या. पुढची दरवाढ आली की त्या पुन्हा दिल्या जातील. संतापाचे कारण खरे आहे. पण आमचे म्हणणे असे: कंपनी सोडणे हा आपला हक्क आहे, तो जरूर वापरावा, मात्र नंबर सोडू नये. आणि एकेकट्याने कंपनी बदलल्याने दर खाली येतील, या भ्रमात कोणी राहू नये.

वाढीचा खरा हिशोब

जिओचा २३९ रुपयांचा, रोज दीड जीबीचा पॅक जुलै २०२४ मध्ये २९९ झाला. महिन्याला साठच रुपये वाढले असे वाटते. पण हा 'महिना' २८ दिवसांचा आहे, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. एका फोनमागे वर्षाला ७८० रुपये वाढले. घरात आई, शिकणारी मुलगी आणि कामावर जाणारा मुलगा असे तीन फोन असतील तर २,३४० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एका फोनच्या २८ दिवसांसाठी एका दिवसाची मजुरी पुरत नव्हती.

यातही गरीब ग्राहकाला जास्त किंमत मोजावी लागते. १५५ चा १८९ झालेला लहान पॅक २८ दिवसांसाठी फक्त २ जीबी देतो. २९९ च्या पॅकमध्ये तेवढ्याच दिवसांत ४२ जीबी मिळतात. बोलणे दोन्हीकडे अमर्याद. म्हणजे ज्याच्याकडे ११० रुपये कमी आहेत, त्याला एकविसावा हिस्सा डेटा. एकरकमी वर्षाचे पैसे भरू शकणाऱ्याला सवलत आणि हातावर पोट असलेल्याला चढा भाव, ही रीत किराणा दुकानात आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. आता ती मोबाइलमध्येही आली आहे.

दर ठरवतो कोण?

अनेकांना वाटते की 'ट्राय' ही नियामक संस्था दर ठरवते. तसे नाही. मोबाइलचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे. नवे दर लागू केल्यावर सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवले की झाले. जुलै २०२४ च्या वाढीवर टीका झाली तेव्हा केंद्र सरकारने ५ जुलैला निवेदन काढून हेच सांगितले: दर बाजार ठरवतो, तीन खासगी आणि एक सार्वजनिक कंपनी स्पर्धेत आहे, दोन वर्षांनंतर वाढ झाली आहे.

पण ही स्पर्धा कशी आहे? २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा बाजारात बऱ्याच कंपन्या होत्या. एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन दरवाढी झाल्या. प्रत्येक वेळी तिन्ही खासगी कंपन्यांचे दर काही दिवसांच्या अंतराने वाढले. एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात जावे, तर तिथेही तोच भाव.

म्हणून चौथ्या दुकानाला महत्त्व आहे. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत आणि जुलै २०२४ या एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. त्याच महिन्यात एअरटेलचे सुमारे १७ लाख, व्होडाफोन-आयडियाचे १४ लाख आणि जिओचे साडेसात लाख ग्राहक घटले. पण नोव्हेंबरपर्यंत चित्र फिरले. बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा घटू लागले आणि जिओचे वाढू लागले. रेंज मिळाली नाही की लोक मागे फिरतात. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तोवर खासगी कंपन्या ५जी विकत होत्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली होती. ज्या सेवेवाचून माणसाचे अडते, ती मूठभरांच्या मर्जीवर सोडली तर कागदावरचे स्वातंत्र्य उपयोगाचे राहत नाही, हा त्यामागचा विचार आज प्रत्येक रिचार्जला आठवावा असा आहे.

नंबर हातचा जाऊ देऊ नका

दरवाढ झाली त्याच आठवड्यात, १ जुलै २०२४ पासून, राज्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. अर्जासाठी ओटीपी, ओटीपीसाठी चालू मोबाइल. महिना १,५०० रुपये मिळवण्यासाठी आधी रिचार्ज! शिष्यवृत्तीचा अर्ज, आधार, बँक खाते, यूपीआय, नोकरीचे फॉर्म, सगळे एका नंबरला बांधलेले आहे. आपण वस्तीत काम करताना ज्या अडचणी सोडवतो, त्यातल्या कितीतरी 'जुना नंबर बंद पडला' इथूनच सुरू होतात.

रिचार्ज परवडला नाही म्हणून नंबर बंद पडू दिला, तर बंद झाल्यानंतर ९० दिवस तो कोणाला दिला जात नाही. पुढे तो अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो आणि आपल्या बँकेचे संदेशही त्याच्याकडे जाऊ शकतात. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्यालाच नंबर सोडणे सर्वांत महाग पडते. त्यामुळे रागाने सिम फेकू नका. नंबर तोच ठेवून कंपनी बदला.

कंपनी कशी सोडायची?

- सध्याच्या नंबरवरून १९०० वर संदेश पाठवा: इंग्रजीत 'पोर्ट', मोकळी जागा, मग आपला दहा आकडी नंबर. आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो.
- कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. पोर्टिंगचे शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे. दुकानदार 'पोर्टिंग चार्ज' म्हणून शंभर-दोनशे मागत असेल तर ते कशाचे, हे विचारा.
- एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजी दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र-गोवा ही वेगळी सर्कल आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईत शिकायला आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.
- सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. सिम नुकतेच बदलले असेल तर सात दिवस थांबावे लागते.
- उरलेला बॅलन्स आणि पॅकची मुदत पोर्ट होताच बुडते. म्हणून पॅक संपत आला की पोर्ट करा. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला मात्र नको.
- पोस्टपेड असेल तर आधी बिल चुकते करा, अनामत रक्कम परत मागा.
- नवी कंपनी निवडण्याआधी घरात, कॉलेजात आणि कामाच्या ठिकाणी तिची रेंज शेजाऱ्याच्या फोनवर तपासा.

आधीच केलेल्या रिचार्जला मुदत संपेपर्यंत नवा दर लागत नाही. अडवणूक झाली तर १९८ वर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून ठेवा, मग कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. तिथेही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

एकट्याचा राग, सगळ्यांची मागणी

दबाव आणला तर नियम बदलतात. २८ दिवसांच्या 'महिन्या'वर ओरड झाली, म्हणून २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएसचा पॅक सक्तीचा झाला. साधा फोन वापरणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना डेटाचे पैसे का भरायला लावता, हा प्रश्न मान्य झाला.

पण पळवाटही लगेच निघाली. कंपन्यांनी असे पॅक आणले ते ८४ दिवसांचे, साडेचारशे रुपयांच्या आसपास, किंवा जवळपास वर्षभराचे. रोजंदारीवरच्या माणसाने एकदम एवढे पैसे आणायचे कुठून? म्हणून पुढची मागणी नेमकी हवी: फक्त बोलण्याचा २८ किंवा ३० दिवसांचा स्वस्त पॅक, शिष्यवृत्ती व सरकारी योजनांचे ओटीपी रिचार्ज संपला तरी मिळण्याची हमी, आणि गावागावांत बीएसएनएलची चालणारी रेंज. ट्राय नवे नियम करताना जनतेच्या सूचना मागवते. तिथे कंपन्यांची लांबलचक निवेदने जातात, आपली किती जातात?

प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढता येईल. दोन तरुणांनी बसून ज्येष्ठांचे पॅक तपासावेत, वापरापेक्षा महागडा पॅक असेल तर बदलून द्यावा, ज्यांना पोर्ट करायचे आहे त्यांना मदत करावी. आणि त्याच बैठकीत ट्रायला पाठवायच्या निवेदनावर सह्या घ्याव्यात. एक सिम बदलल्याने एका घराचे पैसे वाचतील. दराचा प्रश्न मात्र संघटित होऊनच सुटेल.

जय भीम!