वेड पांघरून पेडगावला

परभणी जिल्ह्यात पेडगाव नावाचं एक गाव आहे. तिथल्या मंडळींनी रागावू नये, म्हणीतलं पेडगाव ते नव्हे. ते तिकडे श्रीगोंदा तालुक्यात, भीमेकाठी. पण वेड पांघरून पेडगावला जायला आम्हा आयटीवाल्यांना एसटीही लागत नाही आणि रेल्वेही. खुर्चीत बसल्या बसल्या पोचतो!

कसं? प्रोजेक्ट ओपन सोर्स. डेडलाइन उद्याची. कॅलेंडर दाखवणारी छोटीशी स्क्रिप्ट हवी असते, नेटवर चकटफू मिळते. कॉपी, पेस्ट, चहा. लायसन्स? ‘अरे, नेटवर होती ना, मग फ्रीच असणार!’ हेच ते पांघरलेलं वेड.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम चक्क साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे पन्नास ओळींची स्क्रिप्टही कादंबरीसारखीच कुणाच्या तरी मालकीची. सोबत लायसन्स नसेल, तर त्याचा अर्थ ‘घ्या’ असा होत नाही, ‘विचारा’ असा होतो.

बरं, लायसन्स असलं तरी पत्रिका जुळायला हवी. एमआयटी लायसन्स स्वभावानं गरीब : कॉपीराइटची नोंद आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, बास. जीपीएल मात्र कडक : त्यातला कोड मिसळून सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर सगळा सोर्स त्याच अटींवर द्या. आणि काही लायसन्स दिसतात गोड, पण संसार मोडतात. डग्लस क्रॉकफर्डच्या ‘जेएसमिन’ या इवल्याशा टूलला अट होती, की ते चांगल्या कामासाठीच वापरायचं, वाईटासाठी नाही. किती छान! पण ओपन सोर्समध्ये ‘अमुक कामाला वापरू नका’ ही अटच चालत नाही. २००९मध्ये या टूलच्या पीएचपी अवताराला गुगल कोडवरून मुक्काम हलवावा लागला. २०१६मध्ये अपाचे फाउंडेशननं त्या लायसन्सचा कोड आपल्या प्रोजेक्ट्ससाठी वर्ज्यच करून टाकला.

आता आपल्या घरचं उदाहरण. स्क्रिप्ट नव्हे, फॉन्ट. पण दुखणं तेच. ‘लोहित’ फॉन्ट मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. २००४मध्ये रेड हॅटनं ते जीपीएलखाली खुले केले. पण जीपीएल मुळात प्रोग्रॅमसाठी. असा फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केला, तर तुमची लग्नपत्रिकाही जीपीएलची होणार का? त्यासाठी वेगळी सूट लिहून द्यावी लागते. २०११मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सवर गेला. फॉन्ट वापरून केलेल्या डॉक्युमेंटला त्याची अट लागू नाही, हे त्यात स्पष्टच लिहिलंय.

यातली खरी गोम पाहा. लायसन्स बदलायचं, तर हक्कदाराची संमती लागते. अनोळखी लोकांचे तुकडे गुपचूप मिसळलेले असतील, तर संमती मागणार कुणाकडे? एका उसन्या स्क्रिप्टपायी दहा जणांची वर्षांची मेहनत अडकून पडते.

म्हणून फाइलच्या डोक्यावरच्या चार ओळी वाचा. स्क्रिप्ट कुठून आणली, कुणाची, कुठल्या अटीवर, हे प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवा. शंका असेल, तर लेखकाला सरळ मेल टाका. उसनवारीत कमीपणा नाही, ओपन सोर्सचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. शेजारून वाटीभर साखर खुशाल आणावी. फक्त वाटी कुणाची, ते विसरू नये.