ब्राऊझरवरील निष्ठा आणि निवडीचे स्वातंत्र्य

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १५ जून २०२२ रोजी ‘इंटरनेट एक्सप्लोअरर’ या आपल्या ब्राऊझरला निरोप दिला, तेव्हा दक्षिण कोरियातील ग्योंगजू शहरात एका सॉफ्टवेअर अभियंत्याने त्याची समाधिशिला उभारली. इतर ब्राऊझर उतरवून घेण्यासाठी हे चांगले साधन होते, असा टोमणा तिच्यावर कोरलेला होता. या शिलेचे छायाचित्र जगभर पसरले. वास्तविक ब्राऊझर म्हणजे महाजालावरील मजकूर दाखविणारी खिडकी. ती बहुधा विनामूल्य मिळते आणि बदलण्यास काही मिनिटे पुरतात. तरीही तिच्यावरून माणसे हिरिरीने वाद घालतात आणि ती बंद झाली की हळहळतात. ही आपुलकी कोठून येते आणि बाजारपेठेत तिचे मोल किती, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

या निष्ठेची मुळे जुन्या संघर्षात आहेत. १९९४ मध्ये आलेला ‘नेटस्केप नेव्हिगेटर’ अल्पावधीत लोकप्रिय झाला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने स्पर्धेत उडी घेतली आणि नंतर आपला ब्राऊझर विंडोज प्रणालीशी जोडून टाकला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने या प्रकरणी मक्तेदारीविरोधी खटला भरला. परंतु नेटस्केपची पीछेहाट थांबली नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक्सप्लोअररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला. प्रतिस्पर्धी न उरल्याने प्रगतीही खुंटली. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, तर सातवीसाठी २००६ पर्यंत थांबावे लागले.

या पार्श्वभूमीवर ९ नोव्हेंबर २००४ रोजी ‘फायरफॉक्स’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. नेटस्केपने १९९८ मध्ये खुल्या केलेल्या आज्ञावलीतून सुरू झालेल्या मोझिला प्रकल्पाचे ते फळ होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च हजारो वापरकर्त्यांनी वर्गणी काढून केला होता आणि त्यांची नावे जाहिरातीतच छापली होती. जून २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीच्या ८० लाख २ हजार ५३० प्रती एका दिवसात उतरवून घेतल्या गेल्या आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ग्राहक एखाद्या वस्तूची जाहिरात स्वखर्चाने करतो, तेव्हा ती वस्तू त्याच्या दृष्टीने केवळ वस्तू राहिलेली नसते.

मानसशास्त्राने याची काही कारणे सांगितली आहेत. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाती आलेला साधा कप विकताना विद्यार्थ्यांनी मागितलेली किंमत ही इतर विद्यार्थी त्यासाठी देऊ करीत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. जे आपले झाले, त्याचे मोल आपल्या लेखी वाढते. ब्राऊझरमध्ये तर आपण वर्षानुवर्षे वाचनखुणा, पासवर्ड आणि सवयी साठवीत असतो. दुसरे कारण समूहभावनेचे आहे. क्षुल्लक निकषावर पाडलेल्या गटांतही माणूस स्वतःच्या गटाला झुकते माप देतो, हे हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. बलाढ्य कंपनीविरुद्ध लढणारा दुबळा पक्ष, असे चित्र समोर असेल तर ही भावना अधिकच बळावते.

मराठी वाचकांच्या बाबतीत या निवडीला आणखी एक पैलू होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळे स्वतःचा खास फॉन्ट वापरीत. आपोआप उतरणारे असे फॉन्ट एक्सप्लोअररमध्ये दिसत. अन्य ब्राऊझरमध्ये अनेकदा अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटत. फायरफॉक्ससाठी तयार झालेली ‘पद्मा’ ही पूरक आज्ञावली अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. ज्याला आपली लिपी वाचता आली, त्याची त्या साधनावर श्रद्धा बसली असल्यास नवल नाही.

मात्र बाजारपेठेचा कौल निष्ठावंतांच्या हाती नसतो. बहुसंख्य लोक ब्राऊझर निवडीतच नाहीत. संगणकात किंवा मोबाईलमध्ये जो आधीपासून असतो, तोच वापरतात. या जागेची किंमत किती, हे गुगलविरुद्धच्या अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ब्राऊझर आणि मोबाईलमध्ये आपले शोधयंत्र आधीपासून नेमलेले असावे, यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते. भारतीय स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड मोबाईलसंबंधी प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोबाईल उत्पादकांवर क्रोमसह गुगलची अनेक उपयोजने आधीपासून बसविण्याची सक्ती, हा त्यातील एक आक्षेप होता.

दुसरीकडे, ज्या भेदांवरून वाद रंगतात, ते भेदही पुसट होत आहेत. पान पडद्यावर उभे करणाऱ्या आतील यंत्रणेला इंजिन म्हणतात. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमचा पाया असलेला क्रोमियम स्वीकारला. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेही तोच मार्ग धरला. भारत सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राऊझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो कंपनीला प्रथम पारितोषिक मिळाले. तिचा ‘उला’ हा ब्राऊझरही क्रोमियमवरच आधारलेला आहे. नावे अनेक असली, तरी प्रमुख इंजिने गुगल, अ‍ॅपल आणि मोझिला यांची, अशी तीनच उरली आहेत. त्यांपैकी मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलशी झालेल्या करारातूनच येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने गुगलला क्रोम विकण्यास भाग पाडले नाही. मात्र शोधसेवेसाठी इतरांना बाजूला ठेवणारे करार करण्यास मनाई केली. असे निर्णय आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. एकाच खिडकीतून सारे जग पाहू लागल्यास काय होते, याचा अनुभव २००१ नंतरच्या पाच वर्षांनी दिला आहे. ती कोंडी फुटली, कारण हट्टाने वेगळा मार्ग धरणारे काही लोक होते. त्यांच्या निष्ठेत हौसेचा आणि हटवादीपणाचा भाग असेलही. परंतु संकेतस्थळ कोणत्याही ब्राऊझरमधून उघडले पाहिजे, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि तिचा लाभ ब्राऊझरचे नावही ठाऊक नसलेल्यांना मिळाला. म्हणून ही निष्ठा कोणत्या नावावर आहे, यापेक्षा ती पर्याय जिवंत ठेवते की नाही, या कसोटीवर तिचे मूल्यमापन व्हावयास हवे.