पोराची कंबर कशाने धरली?



उत्पादनखर्च काढताना औजारांचा घसारा धरतात. शेतकऱ्याच्या पाठीचा कोणी धरत नाही. सोळा लिटरचा फवारणी पंप दिवसभर पाठीवर, पोटाला ओटी बांधून वाकून कापूस वेचणारी बाई, आणि रब्बीची ज्वारी मुळासकट उपटायची ती वेगळीच. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा म्हणून वर्षानुवर्षे भांडण केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. हमालांनी आपली पाठ चव्हाट्यावर मांडली. आपण अजून मांडलेली नाही.

पण आज मला दुसरीच बाजू सांगायची आहे. तरुण पोराची कंबर दुखली की आपण ती लगेच कष्टाच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

माझा पुतण्या कोरडवाहू रानातून उठून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला सदाशिव पेठेत आला. चोविसाव्या वर्षी कंबर धरली. वडील म्हणाले, गावी पोती उचलली त्याचे हे. अभ्यासिकेतले मित्र म्हणाले, बसून बसून. मी कृषी पदवीधर. मी म्हणालो, गादी काढ, फळीवर झोप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीन वर्षे गेली. दुखणे कधी वाढते, हे कोणी विचारलेच नाही. मीसुद्धा नाही.

त्याचे पहाटे वाढायचे. उठल्यावर तासभर पाठ लाकूड, आणि हिंडला-फिरला की मोकळी. श्रमाचे दुखणे बहुधा याच्या उलट असते: कामाने वाढते, विश्रांतीने उतरते. शेवटी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस निघाला. यात शरीराचे राखणदारच मणक्यांवर उठतात. हा बहुतेकदा चाळिशीच्या आत सुरू होतो, आणि उपचार लांबले तर मणके एकमेकांना सांधले जाऊ शकतात. याला संधिवाताचा तज्ज्ञच लागतो.

दुसरा चोर मणक्याचा क्षय. तो खोकल्याशिवायही येतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरणारे वजन असेल तर सरकारी दवाखाना गाठा. क्षयाचे औषध तिथे फुकट मिळते. पायातले बळ गेले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नका.

कपाशीवर लाल्या दिसला की आपण तुडतुडे पाहतो, मॅग्नेशियमची कमतरता आहे का, थंडी पडली का, हे तपासतो. पोराच्या पाठीला मात्र दुकानातली वेदनाशामक गोळी. ती महिनोन् महिने रोज पोटात गेली तर जठराला जखमा होतात, मूत्रपिंडावरही बेतू शकते.

जिल्हा बैठकीला येण्याआधी घरातल्या तरुण मुला-मुलींना एवढे विचारून या: सकाळी पाठ किती वेळ आखडते? अर्ध्या तासाच्या वर, आणि तीन महिन्यांहून जुने दुखणे असेल तर नाव मला द्या. गाडीभाडे वाटून घेऊ आणि सगळ्यांना एकाच दिवशी तज्ज्ञाकडे नेऊ.