नाल्यावरचा कॅमेरा


रात्री नाल्याकाठी कचरा ओतणाऱ्यांना पकडण्यासाठी कॅमेरा बसवावा, असे अनेकजण म्हणतात. हैदराबादसारख्या शहरात तसे कॅमेरे लागले आहेत. आपल्या तामसीतही लावावा, असे माझेही मत आहे. मात्र त्याचे तोंड रस्त्याकडे असावे, धुणे धुणाऱ्या मायबहिणींकडे नव्हे.

पण कापसावर फवारणी झाल्यावर बांधावर, विहिरीच्या काठी पडणाऱ्या औषधाच्या बाटल्या कोणता कॅमेरा टिपणार? तळाशी उरलेले विष पावसाबरोबर नाल्यात उतरते आणि तेच पाणी आपली गुरे पितात. कित्येक घरी तीच बाटली धुऊन तेलाला वापरतात. घरभेटीत मी हे पाहिले आहे. कृपा करून असे करू नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. औषधही वाया जात नाही. मग ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही हेच सांगितले आहे.

आणि दंड बसवायचाच, तर चर्चच्या सणानंतर आवारात पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या ग्लासांचीही पावती फाडावी. ती मी भरीन.

आपले फादर