शीतल आसन कोणाचे?

जर्मनीच्या बीएमडब्ल्यू या मोटारकंपनीने २०२२ साली काही देशांत एक अजब व्यवहार आरंभिला. मोटारीच्या आसनात ऊब देणाऱ्या तारा कारखान्यातच बसविलेल्या, मोटारीची पूर्ण किंमत ग्राहकाने मोजलेली. परंतु त्या तारांत वीज खेळवावयाची असेल तर महिन्याकाठी वेगळे भाडे भरावयाचे, असा तो व्यवहार होता. ब्रिटनमध्ये हे भाडे महिना १५ पौंड होते. आपल्याच मालकीच्या आसनावर बसण्यासाठी भाडे! त्यावर ग्राहकांनी इतका गिल्ला केला की, पुढच्याच वर्षी, २०२३च्या सप्टेंबरात, कंपनीला हा बेत सोडून द्यावा लागला. या गदारोळात एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. आसनाची ऊब किंवा आसनाचा गारवा ही चैनीची वस्तू आहे, असे विकणाऱ्याने गृहीत धरले होते आणि रागावलेल्या ग्राहकानेही ते गृहीतक नाकारले नव्हते. भांडण होते ते किमतीचे आणि मालकीचे. या सोयीची खरी गरज कोणाला आहे, हा विचार त्या भांडणात कोणाच्याच मनात आला नाही.

ही सोय जन्माला आली ती श्रीमंतांच्या मोटारीतच. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी तापणाऱ्या आसनाच्या एकस्वासाठी १९५१ साली अर्ज केला. प्रत्यक्षात ते आसन बाजारात आले १९६६ साली, कॅडिलॅक या महागड्या मोटारीतून. परंतु १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमधील साब कंपनीने विजेवर तापणारे आसन आपल्या साध्या कुटुंबी मोटारीत सरसकट बसविले, तेव्हा तिने ते प्रथम चालकाच्या आसनाला दिले. (ही कंपनी पुढे २०११ साली दिवाळखोरीत गेली, ही गोष्ट वेगळी.) मालक, पाहुणे, मुलेबाळे मागाहून, आधी ज्याच्या हाती चक्र आहे तो. बर्फाळ प्रदेशात गारठलेली पाठ आणि आखडलेले पाय घेऊन मोटार हाकणारा माणूस स्वतःला आणि इतरांनाही धोक्याचा, हा साधा विचार त्यामागे दिसतो. चैनीची वस्तू कामाची वस्तू झाली ती तेथे.

या आसनाचे तंत्र फारसे गहन नाही. विजेच्या शेगडीचे तत्त्वच येथे सौम्य रूपात वापरलेले असते. आसनाच्या आवरणाखाली रोधक तारांचे किंवा कार्बनतंतूंचे जाळे असते, त्यातून मोटारीच्या बॅटरीची वीज वाहते आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून एक नियंत्रक असतो. हा नियंत्रक बिघडला की सोय घातक ठरते. कातडीला ४४ अंश सेल्सिअसचा स्पर्श काही तास अखंड घडला तरी भाजल्याची जखम होऊ शकते, हे वैद्यकाला १९४०च्या दशकापासून ठाऊक आहे. धडधाकट माणसाला चटका जाणवतो व तो उठतो. पण कमरेखालची संवेदना गेलेला रुग्ण किंवा जुन्या मधुमेहामुळे पाय बधिर झालेला प्रवासी यांना तो जाणवतच नाही. अशा जखमांमुळेच २०११ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी व सुरक्षा-कार्यकर्त्यांनी तेथील वाहनसुरक्षा यंत्रणेकडे कमाल तापमानाची मर्यादा घालण्याची मागणी केली होती. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या देशात परदेशी बनावटीची अशी आसने घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवलेली बरी.

महाराष्ट्राला मात्र उबेचे अप्रूप नाही. येथे प्रश्न उलट आहे, आणि त्याचे उत्तर तुलनेने उशिरा आले. पंख्याने हवा खेळविलेले आसन १९९७ साली साबच्याच एका मोटारीत आले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अमेरिकन मोटारींत आणखी एक प्रकार आला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून विद्युत्प्रवाह सोडला असता एक सांधा थंड व दुसरा उष्ण होतो, हे पेल्तिए नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८३४ साली दाखवून दिले होते. धातूंऐवजी अर्धवाहकांचा वापर करून त्या तत्त्वावर खरोखर थंड होणारी आसने तयार झाली. तीच यंत्रणा प्रवाहाची दिशा उलटविली की हिवाळ्यात ऊबही देते. पण ती महाग, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ‘थंड’ आसनांत असते ते निव्वळ पंखे व सच्छिद्र आवरण. ही आसने हवा थंड करीत नाहीत, हलवितात.

एवढ्याने काय होते, असे कोणी विचारील. उत्तर शरीरधर्मात आहे. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. उन्हाळ्यात ती टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचा: एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु घाम वाळला तरच. रेक्झिनला टेकलेल्या पाठीचा आणि मांड्यांचा घाम वाळत नाही, नुसता साचतो. शरीराचा तेवढा भाग जणू बंद खोलीत कोंडलेला असतो. आसनातील पंखा त्या खोलीची खिडकी उघडतो. वऱ्हाड-नागपूरकडे वाळ्याचे ओले पडदे खिडक्यांना लावणाऱ्या पिढ्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. टॅक्सीवाल्यांनी आसनावर पसरलेली लाकडी मण्यांची चटई आणि ट्रकचालकाने पाठीमागे टाकलेला टॉवेल हीदेखील त्याच शास्त्राची गरिबाघरची रूपे होत. पाठ आणि आसन यांच्यामध्ये हवेला वाट करून देणे, एवढाच त्यांचा उद्देश.

आता या सोयीची वाटणी कशी झाली आहे ते पाहावे. २०१७ साली ह्युंदाईने वर्ना या मोटारीत पुढच्या आसनांना पंखे दिले आणि त्यानंतर मध्यम किमतीच्या मोटारींतही ही सोय जाहिरातीचा विषय झाली. विक्रेता ती मोठ्या अभिमानाने दाखवितो. वास्तविक या मोटारी वातानुकूलित. त्यांचा मालक सकाळी कचेरीत जाताना आणि सायंकाळी परतताना मिळून तास-दोन तास त्या आसनावर बसणार. यात एक गंमतही आहे. पंख्याची आसने बहुधा पुढच्या रांगेत असतात; त्यामुळे ज्या घरी पगारी चालक आहे तेथे गारवा चालकाला आणि साधे आसन साहेबांना, असा प्रकार घडतो. काही मोठ्या मोटारींत आता मागच्या रांगेलाही पंखे मिळू लागले आहेत. तक्रार कोणाची पोहोचली असेल, हे सांगणे नको!

या वाटणीच्या दुसऱ्या टोकाला एस. टी.चा चालक आहे. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून या सेवेने महाराष्ट्राचे खेडे शहराशी जोडले, हे सर्वमान्य आहे. परंतु इंजिन पुढे असलेल्या साध्या बसमध्ये चालकाच्या डाव्या हाताला इंजिनाचे झाकण असते, हे प्रवाशांच्या फारसे ध्यानात येत नाही. मे महिन्यात जळगावहून किंवा चंद्रपूरहून दुपारी निघालेल्या गाडीत चालकाच्या समोर काचेतून ऊन, डाव्या कुशीला इंजिनाची धग, उजव्या खिडकीतून झळा आणि पाठीला रेक्झिन. प्रवासी थांब्यावर उतरून सावलीला जातो, जागा बदलतो, झोपतो. चालकाला यातले काहीही शक्य नाही. मालमोटारीवरील चालकाची स्थिती तर याहून कठीण. त्याची केबिन हेच त्याचे घर आणि पुष्कळदा रात्रीचे अंथरूणही.

केंद्र सरकारला याची जाणीव झाली नाही असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. हा निर्णय स्वागतार्ह होता, आणि त्याला इतका उशीर का लागला, हाच खरा प्रश्न. पण त्याच्या मर्यादाही उघड आहेत. नियम नव्या मालमोटारींना लागू. त्या तारखेपूर्वी कारखान्याबाहेर पडलेल्या गाड्या रस्त्यावर आणखी कित्येक वर्षे धावणार. नियम मालवाहू वाहनांचा. प्रवासी बसच्या चालकाला त्याचा लाभ नाही. शिवाय वातानुकूलन यंत्र इंजिनाच्या शक्तीवर चालते आणि त्याला डिझेल लागते. डिझेलचा हिशेब लिटरालिटराने ठेवणारा मालक ते यंत्र बंद ठेवावयास सांगणार नाही, याची हमी कोणतीही अधिसूचना देऊ शकत नाही. यंत्र बसविणे कायद्याच्या हाती आहे, चालू ठेवणे नाही.

नेमके येथे आसनाचे महत्त्व येते. आसनातील पंख्यांना मोटारीच्या पुढच्या एका दिव्याइतकीही वीज लागत नाही. ती बंद ठेवून कोणाचे काही वाचत नाही, म्हणून ती बंद ठेवण्याचा मोहही कोणाला होणार नाही. वातानुकूलन असेल तेथे आसनाला पंखा असल्यास केबिन फार गार करावी लागत नाही. कारण सारी हवा थंड करण्यापेक्षा शरीराला चिकटलेला घाम वाळविणे केव्हाही स्वस्त. वातानुकूलन नसेल तेथे या पंख्यावर अवास्तव भरवसा ठेवता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. हवाच ४४ अंशांची असेल तर पंखा ती झळच फिरविणार. तरीही विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो आणि काही दिलासा मिळतोच. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो कमी मिळेल. पंख्याचे आसन वातानुकूलनाची जागा घेऊ शकत नाही. मात्र ‘वातानुकूलन परवडत नाही’ या सबबीखाली काहीच न करण्याची जी सवय जडली आहे, तिला ते उत्तर आहे.

चालकाला फार आराम दिला की त्याला डुलकी लागेल, असा आणखी एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो करणारे स्वतः पंख्याखाली बसून तो करतात. स्वीडनमधील संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर मोटार चालविणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. काही चालकांना २१ अंश तापमानात आणि काहींना २७ अंशांत मोटार हाकावयास लावून वाटेत त्यांना निरनिराळ्या खुणा देण्यात आल्या. २७ अंशांत बसलेल्यांच्या नजरेतून निसटलेल्या खुणा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होत्या आणि त्यांचा प्रतिसादही मंद झाला होता. सत्तावीस अंश! मे महिन्यातल्या नागपूरकराला हे तापमान पहाटेसही क्वचितच लाभते. एवढ्या सौम्य उष्म्याने सावधानता ढळत असेल, तर चाळीस अंशांपलीकडच्या केबिनमध्ये पन्नास-साठ जीव मागे घेऊन बसलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल, याचा हिशेब अपघाताच्या पंचनाम्यात कधी लिहिला जात नाही. तेथे ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ एवढेच लिहिलेले असते.

उन्हाकडे पाहण्याची ही बेफिकिरी जुनी आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकातही उमटली आहे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने कायदा केला. दिवसाला आठ तासांची मर्यादा, सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती, उपाहारगृहे, विश्रामगृहे, अशा पुष्कळ चांगल्या गोष्टी त्यात होत्या. गणवेशाच्या कलमात चालक-वाहकांना रेनकोट आणि तत्सम सोयी देण्याची तरतूद होती. कशापासून संरक्षणासाठी? पाऊस आणि थंडी. उन्हाचा तेथे उल्लेख नव्हता. वर्षातील चार महिने ज्या देशाचा मोठा भाग भाजून निघतो, त्या देशाच्या विधिज्ञांना पाऊस आठवला, थंडी आठवली आणि ऊन तेवढे विसरले. थंड देशातल्या कायद्यांचा घाट समोर ठेवून लिहिले की असे व्हायचेच, असे कोणी म्हणेल. पण दिल्लीचा मे महिना काही परदेशात नाही.

राज्याच्या हाती यात बरेच काही आहे. दापोडी, हिंगणा आणि चिकलठाणा येथील कार्यशाळांत एस. टी.ने वर्षानुवर्षे आपल्या गाड्यांची बांधणी केली आहे. चालकाचे आसन कसे असावे, हे ठरविण्यासाठी तिला कोणा परदेशी कंपनीकडे पाहावे लागत नाही. सच्छिद्र आवरण, दोन लहान पंखे, इंजिनाच्या झाकणाला उष्णतारोधक अस्तर आणि काचेवर पडदी, एवढ्यासाठी अर्थसंकल्पात वेगळे शीर्षक उघडावे लागणार नाही. विकत किंवा भाड्याने घ्यावयाच्या नव्या बसच्या निविदेत प्रवाशांच्या आसनांविषयी, त्यांच्या पाठींविषयी, मोबाइल भारित करण्याच्या सोयीविषयी अटी घालता येतात. तशीच चालकाच्या आसनाविषयी एक अट घालण्यास कोणाची हरकत असावी? चालकांच्या संघटनांनीही वेतन व महागाईभत्त्याच्या मागण्यांबरोबर ही मागणी पटावर आणावयास हवी. आजवर ती मागे पडली, कारण घाम हा कामाचाच भाग असे चालकांनी स्वतःही मानले.

आरंभ लहानही चालेल. विदर्भ आणि खानदेश यांतील चार-दोन आगारांच्या दुपारच्या फेऱ्या निवडाव्यात, निम्म्या गाड्यांना अशी आसने बसवावीत आणि एका उन्हाळ्याच्या अखेरीस चालकांची आजारपणाची रजा, किरकोळ ठोकरी आणि त्यांचे स्वतःचे म्हणणे यांची दोन्ही बाजूंची नोंद ताडून पाहावी. त्यासाठी आसने एप्रिलात मागवून उपयोग नाही. फेब्रुवारीत ती गाडीत बसलेली असली पाहिजेत.