शंभर वर्षांचा दाखला कुठून आणायचा?

ऑलिंपिकच्या मशाली जमवणाऱ्या आपल्यापैकी लातूरच्या एका सभासदाचे पत्र समोर आहे. टोकियो २०२० ची मशाल त्यांनी परदेशातून रीतसर विकत घेतली. सात आठवडे ती कस्टममध्ये अडकून पडली आहे. आधी तिला ‘गॅसचा बर्नर’ ठरवले, मग ‘ॲल्युमिनियमची इतर वस्तू’. संग्राह्य वस्तू म्हणून सोडा म्हटल्यावर ती शंभर वर्षे जुनी असल्याचा दाखला मागितला!

हा दाखला जगात कोणीच देऊ शकणार नाही. ऑलिंपिकची मशालदौड सुरूच झाली १९३६ साली, बर्लिनला. क्रुपची ती पहिली पोलादी मशालसुद्धा २०३६ मध्ये शंभरी गाठेल. खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले त्या १९५२ च्या हेलसिंकीच्या मशाली अवघ्या २२. त्यांच्यासाठी तर २०५२ उजाडावे लागेल. शंभर वर्षांची अट आहे कस्टमच्या दरपत्रकातल्या शीर्षक ९७०६ ला, म्हणजे पुरातन वस्तूंना. ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्राह्य वस्तू ९७०५ मध्ये येतात आणि तिथे वयाची अट नाही. ज्यांचे रोजचे कामच ही शीर्षके लावण्याचे, त्यांनी लागोपाठची दोन शीर्षके नीट वाचू नयेत, याचा संताप येतो.

आणि मशाल कोणती? २०११ च्या भूकंपानंतर जपानमधल्या तोहोकूत उभारलेल्या तात्पुरत्या घरांचे ॲल्युमिनियमही वापरून घडवलेली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आणि त्यानंतरचे पत्र्याच्या शेडमधले दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्यासाठी ती ‘इतर वस्तू’ नाही.

पण आपलेही चुकते, हे स्पष्ट सांगतो. या सभासदाच्या बिलावर वर्णन दोनच शब्दांत आहे: ‘मेटल टॉर्च’. धावकाचे नाव नाही, टप्पा नाही, तारीख नाही. लंडन २०१२ च्या मशालीला ८,००० धावकांसाठी ८,००० छिद्रे आहेत आणि दिसायला सगळ्या मशाली सारख्याच. ती कोणी, कुठल्या रस्त्यावर धरली हा कागद हरवला की हातात उरते ती नळी. नांदेडच्या बैठकीत आपण नोंदपत्रके वाटली. भरून आलेली बोटांवर मोजता येतील. अशाने कोणत्या तोंडाने भांडायचे?

तेव्हा या रविवारी कपाट उघडा. प्रत्येक मशालीचे वजन, लांबी, कोरीव मजकूर, कोणाकडून आली, किती रकमेला, सगळे लिहा. फोटो जोडा, एक प्रत आमच्याकडे पाठवा. त्या नोंदींसह ९७०५ बद्दलचे निवेदन आपण सर्वांच्या सह्यांनी देऊ.

आणखी एक. दिल्लीत २००४ आणि २००८ साली ज्यांनी मशाल धरली, त्यांतले पुष्कळ जण आज आपल्यात आहेत. १९६४ ची टोकियोची ज्योतही दिल्लीत आली होती. ती पाहिलेली माणसे मात्र आता थकली आहेत. ओळख काढा, त्यांच्या घरी जा, त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. मशाल उद्याही विकत मिळेल, ही सही मिळणार नाही.